रोज एक केळं

आमच्या अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा व्हिडिओ गेम बघितला आणि अर्ध्या मिनिटात त्यातली चूक काढली.

मे महिना होता. यावल तालुक्यातलं आमचं गाव, पारा ४५च्या पुढे, भर दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. चिरंजीव ओसरीत कूलरसमोर आडवे, मोबाईल नाकापासून चार बोटांवर. शेजारच्या बाजेवर अप्पा अडकित्त्याने सुपारी कातरत होते. कातरता कातरता त्यांची नजर पडद्यावर गेली आणि अडकित्ता थांबला.

"हे कशाचं झाड हाये रे?"

"केळीचं, अप्पा."

अप्पांनी चष्मा लावला. "अन् हे तीन काय?"

"केळी. रोज एक येतं. तोडलं नाही तर तीनपर्यंत साचतात."

"घड कुठी हाये?"

"घड नसतो. एकेकच येतं."

"लावलं कधी?"

"२८ दिवस झाले."

अप्पांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. इंग्रजी शाळेची फी मी भरतो, तेव्हा या अज्ञानाचा धनीही मीच, असा त्या पाहण्याचा अर्थ होता. मग त्यांनी नातवाला पहिलीपासून शिकवायला घेतलं. मृगबाग लावा नाहीतर कांदेबाग, रोप टिश्यूचं असलं तरी अकरा-बारा महिने धीर धरावा लागतो. बाग निसवते, घड लोंबतो, फण्या भरतात. एका खोडाला उभ्या जन्मात घड एकच. तो कापला की खोडाचं काम संपलं, बुडाशी आलेलं पील पुढे चालवायचं.

"रोज एक द्याले ते काय कोंबडी हाये?"

"अप्पा, गेम बनवणारा अमेरिकेत राहतो."

"मंग त्यानं सफरचंद लावावं."

या गेमचं नाव स्टारड्यू व्हॅली. आमच्या घरात तो तहाचं कलम म्हणून आला. त्याआधी घरात पबजी होता. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने तो बंद केला तेव्हा चिरंजीव दहा वर्षांचे होते आणि त्यांनी दोन वेळचं जेवण सोडून सुतक पाळलं होतं. पुढच्या वर्षी तोच गेम बीजीएमआय असं नाव लावून परत आला, २०२२ मध्ये पुन्हा गायब झाला, २०२३ मध्ये पुन्हा उगवला. निवडणुकीच्या तोंडावर पक्ष बदलून येणाऱ्या पुढाऱ्यासारखं त्याचं चाललं होतं. शेवटी सौभाग्यवतींनी फर्मान काढलं की या घरात बंदूक चालणार नाही. चिरंजीवांनी शेतीचा गेम पुढे केला. "शेतीचा आहे ना? मग खेळू दे," असं ती म्हणाली. ज्या बाईने लग्न ठरवताना मुलगा शेती करत नाही याची दोनदा खात्री करून घेतली होती, तिचं हे वाक्य आहे.

मी मात्र वाचनाचा आग्रह धरून बसलो होतो. आमच्या वेळी आम्ही किती वाचायचो, हे मी रोज रात्री जेवताना सांगत असे. ते खरंही आहे. फक्त काय वाचायचो आणि कुठे लपून वाचायचो, हे मी सांगत नसे.

बीजगणिताच्या पुस्तकात बरोबर मावेल अशा आकाराची रहस्यकथा त्या काळी निघत असे. प्रकाशकांनी मुद्दाम मापं घेतली असावीत. बाबूराव अर्नाळकरांचा झुंझार आणि काळा पहाड आधीच्या पिढीचे, पण लायब्ररीत ते अजून शिळे झाले नव्हते. गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप होता. आणि सगळ्यांच्या वर सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद. अर्नाळकर आणि नाईक या दोघांनीही हजारावर कथा-कादंबऱ्या लिहिल्या आहेत. म्हणजे रोज एक वाचली तरी एकेका लेखकाला तीन वर्षं पुरायची. मी तसा प्रयत्नही केला. दहावीच्या सहामाहीला बीजगणितात अकरा मार्क पडले तेव्हा अप्पांनी ते पुस्तक उघडून पाहिलं आणि आतून दारा बुलंद खाली पडला. पुढचं सांगण्यासारखं नाही. एवढंच सांगतो की त्या दिवशी वाचनसंस्कृतीबद्दल अप्पांनी एक चांगला शब्द काढला नाही.

आणि गेम म्हणाल तर तेही होते. मामाचं गाव धुळे. धुळ्याच्या जुन्या भागाची आखणी ब्रिग्ज साहेबाने केली. सरळसोट रस्ते, आणि गल्ल्यांना नावांऐवजी नंबर. उन्हाळ्याच्या सुटीत पाचकंदीलच्या पलीकडे एका नंबराच्या गल्लीत आमचा देव बसायचा. पत्र्याची खोली, आत तीन मशिनी आणि बावीस पोरं, वारा यायला पुढचं-मागचं दार सोडून जागा नाही. एक रुपयाचं नाणं टाकलं की मुस्तफा सुरू. या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला, हे मला वयाच्या चाळिशीत कळलं. खेळायला हिरो चार होते. पण मुस्तफा हे एकच नाव आम्हाला आपल्या गल्लीतलं वाटायचं, म्हणून सगळे मुस्तफाच घ्यायचे आणि गेमलाही मुस्तफाच म्हणायचे. तो धावत येऊन उडी मारून लाथ घालायचा तेव्हा बघणाऱ्या वीस पोरांचे पाय जागच्या जागी उचलले जायचे.

मालकाचा स्वभाव मोठा प्रेमळ. त्याला गिऱ्हाइकांचे सगळे नातेवाईक चेहऱ्याने माहीत. दारात उभा राहून तो आत आवाज द्यायचा, "भो, तुना मामा येई ऱ्हायना!" की मी मागच्या दाराने पार. मशीनमध्ये अडकलेला रुपया मात्र त्याने कधी परत दिला नाही. माझे एकूण चौदा रुपये अजून धुळ्यात आहेत.

तर असा मी, पोराला वाचनाचे धडे देत होतो. आणि गंमत म्हणजे तो वाचत होता. फक्त मी सांगितलेलं नाही. त्याच्या उशाशी पर्सी जॅक्सनचे पाच भाग होते. रिक रायर्डन नावाचा लेखक, पहिला भाग २००५ सालचा. बापाने वाचल्याशिवाय बोलू नये म्हणून मी एक भाग वाचला. पर्सी हा बारा वर्षांचा पोरगा, वाचायला घेतलं की अक्षरं नाचतात, शाळा त्याला टिकू देत नाहीत. आणि पुढे कळतं की त्याचा बाप म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, त्यामुळे पाणी या पोराचं ऐकतं. मी पुस्तक मिटलं आणि गिरणेच्या कोरड्या पात्राची आठवण झाली. हे पोरगं न्यूयॉर्कला वाया गेलं हो. जळगाव जिल्ह्यात जन्मलं असतं तर दहावी नापास असूनही बिनविरोध आमदार झालं असतं. त्या पुस्तकात सगळे देव एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या ६००व्या मजल्यावर राहतात. आमच्या जळगावच्या महापालिकेची इमारत सतरा मजली. एवढ्यात तेहेतीस कोटींचं भागायचं नाही.

हंगर गेम्स त्याने दोन दिवसांत संपवलं. त्यात देशाचे बारा जिल्हे पाडलेत आणि एकेका जिल्ह्याला एकेक धंदा लावून दिलाय. कोळसा बारा नंबरला, शेती अकरा नंबरला. शेतीवाल्या जिल्ह्याने सगळ्यांना पोसायचं आणि स्वतः उपाशी राहायचं. "पप्पा, आपण जिल्हा अकरा," चिरंजीव म्हणाले. मी म्हटलं, कल्पना चांगली आहे पण यात कल्पना कुठली ते सांग.

मग मी आपल्या मातीतली पुस्तकं काढली. आधी श्यामची आई. साने गुरुजी इथेच, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, वसतिगृहातल्या मुलांची भांडी घासायचे, अंथरुणं घालायचे, वगैरे पार्श्वभूमी तयार केली. पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत, पहिली रात्र, दुसरी रात्र, असंही सांगितलं. त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे लेव्हल्स?" मी पुढे म्हटलं, हे पुस्तक गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं. तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "जेलमध्ये मोबाईल जमा करून घेत असतील ना."

दुसरं पुस्तक कोसला. ते आम्ही यावल तालुक्यातले लोक न वाचताच अभिमानाने मिरवतो. भालचंद्र नेमाडे सांगवीचे, सांगवी आमच्याच तालुक्यातली, तेव्हा निम्मं ज्ञानपीठ तालुक्याला मिळालंय असा हिशेब. १९६३ साली कोसला आली तेव्हा लेखक अवघे २५ वर्षांचे. हल्ली तरुणांसाठी म्हणून वेगळ्या कादंबऱ्या छापतात, त्यांच्यावर रंगीत चिठ्ठी लावतात. कोसलावर कोणी चिठ्ठी लावली नाही, पण दोन-तीन पिढ्यांच्या पोरांनी ती उशाखाली ठेवून झोप घालवली आहे. अर्धा तास वाचन, मग अर्धा तास गेम, या दराने मी चिरंजीवांना ती विकली.

आठव्या दिवशी परिणाम दिसू लागला. "उदाहरणार्थ मी आज क्लासला जाणार नाही," तो सकाळी म्हणाला. दुपारी वांग्याचं भरीत पाहून "हे उदाहरणार्थ कालचंच आहे वगैरे." हा रोग जुना आहे. १९६३ पासून तो महाराष्ट्रात फिरतो आहे, आमच्या कॉलेजात त्याची साथ आली होती, आणि त्यावर लस नाही. सौभाग्यवतींना वाटलं पोराच्या डोक्यावर गेमचा परिणाम झाला. मी गप्प राहिलो.

पुस्तक संपवून तो म्हणाला, "पप्पा, हा पांडुरंग पुण्याला जातो, बापाचे पैसे उडवतो, परीक्षेत गचकतो आणि गावी परत येतो. स्टारड्यू व्हॅली तिथून सुरू होतो."

अप्पांनाही गोष्ट सांगून झाली होती. त्यांचा निकाल तयार होता. "बाप बरोबर हाये त्याच्यातला."

आता पुन्हा त्या दुपारकडे येऊ. सफरचंदाचा सल्ला देऊनही अप्पा उठले नाहीत. माल कुठे विकतो, असं त्यांनी विचारलं. नातवाने दाखवलं: घराशेजारी एक लाकडी पेटी असते. संध्याकाळपर्यंत माल तिच्यात टाकायचा, झोपायचं, सकाळी पैसे जमा.

"किती?"

"एका केळ्याचे १५०."

"अन् उद्या?"

"उद्यापण १५०. भाव ठरलेला असतो."

"कटती?"

"ते काय असतं?"

अप्पा बराच वेळ त्या पेटीकडे बघत राहिले. पन्नासेक वर्षं केळी लावणाऱ्या या माणसाने सकाळी फोनवर एक भाव ऐकून दुपारी ट्रकपाशी दुसरा घेतलेला आहे, आणि माल नेलेला व्यापारी शोधायला दोनदा परमुलूख गाठलेला आहे. "पेटी चांगली हाये," एवढंच ते म्हणाले. मग गेममधल्या टीव्हीवर उद्याचं हवामान सांगितलं गेलं आणि नातवाने सांगितलं की हा अंदाज कधी चुकत नाही. तेव्हा अप्पांचा त्या गेमवरचा उरलासुरला विश्वासही उडाला.

"अन् हा गडी कोण? मालक का सालदार?"

इथे चिरंजीवांनी मूळ कथा सांगितली. एरिक बॅरोन नावाच्या माणसाने चारेक वर्षं एकट्याने बसून हा गेम बनवला, २०१६ साली बाजारात आणला, आणि जगभरात त्याच्या चार कोटींवर प्रती खपल्या. त्याची गोष्ट अशी: एक तरुण मोठ्या कंपनीच्या कचेरीत कॉम्प्युटरसमोर बसून कंटाळलेला असतो. त्याच्या टेबलाच्या खणात आजोबांनी मरताना दिलेलं बंद पाकीट असतं. तो ते फोडतो. आजोबांनी शेत त्याच्या नावावर केलेलं असतं. नोकरी सोडून तो गावी येतो. शेतात दगड, तण आणि ओंडके. खिशात ५०० नाणी आणि १५ पुड्या बियाणं.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी जळगावच्या एका बँकेत कॉम्प्युटरसमोर बसतो. मी कूलरमध्ये पाणी आहे का ते बघायला उठलो.

मागून आवाज येत होता. "आणि अप्पा, तिसरं वर्ष लागलं की आजोबांचं भूत येतं. शेत कसं केलं ते बघतं आणि मेणबत्त्या पेटवतं. सगळं नीट असलं तर चार."

"मेल्यावर येतं?"

"हो."

"मेल्यावर कायले? मी जिता हाये तोवरच पाहतो ना. चाल आज रातच्याले."

त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्री बाराची होती. आजोबा आणि नातू बॅटरी घेऊन साडेअकराला निघाले. मी झोपलो नव्हतो, पण झोपल्यासारखा पडून होतो. जाण्याचा आग्रह होऊ नये म्हणून. अडीचच्या सुमारास ओसरीत पाय धुतल्याचा आवाज आला. पोराच्या पोटऱ्या चिखलाने भरल्या होत्या आणि चेहऱ्यावर परीक्षा संपल्याचं तेज होतं.

"दोन मिळाल्या, पप्पा."

"दोन काय?"

"मेणबत्त्या. एक ठिबकचा व्हॉल्व्ह बरोबर फिरवला म्हणून, आणि एक साप बघून पळालो नाही म्हणून."

"साप?"

"पळायला जागाच नव्हती. दोन्हीकडून केळी."

अप्पा बाजेवर टेकून बॅटरी उशाखाली ठेवत होते. रात्रीच्या त्या वेळी माणूस नको ते बोलून जातो. "आणि अप्पा, माझ्या किती?"

अप्पांनी पांघरूण ओढलं. "तू गेम चालूच कुठी केला?"