ब्रेक ऑइल जातं कुठे?

बॉनेटखालच्या पांढुरक्या डबीतले ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखे जळत नाही, पेट्रोलसारखे उडूनही जात नाही. डबीपासून चाकापर्यंतचा मार्ग बंदिस्त असतो. पातळी ‘मिनिमम’खाली गेली, तर ऑइल गाडीतच दुसरीकडे जाऊन बसलेले असते, नाहीतर बाहेर गळलेले असते. गाडीमालकाला दोन्हींत रस नसतो. लाल दिवा लागला की तो आधी हँडब्रेक खालीवर करून पाहतो (बऱ्याच गाड्यांत दोन्हींना दिवा एकच), मग बाटलीभर ऑइल ओततो आणि दिवा विझला की विषय संपल्याचे घरात जाहीर करतो.

तपास मात्र पॅडपासून सुरू होतो. डिस्क ब्रेकचे पॅड झिजले की कॅलिपरमधले पिस्टन तेवढे पुढे सरकतात आणि मागच्या रिकाम्या जागेत ऑइल भरते. महिनोन्‌महिने सावकाश उतरणारी पातळी बहुधा एवढ्यामुळेच असते. तेव्हा डबी काठोकाठ भरणाऱ्याला बक्षीस नवे पॅड बसवताना मिळते: पिस्टन मागे ढकलले की ऑइल वर येऊन सांडते, आणि ते रंग खाते.

पातळी भराभर उतरत असेल तर लिकेज. चाकाच्या आतल्या बाजूला ओला ओघळ शोधावा. मागच्या चाकाचा ड्रम काढून व्हील सिलिंडरची रबरी टोपी बोटाने जराशी उचलली आणि आतून ऑइल निथळले, तर शोध तिथेच थांबतो. भिजलेले लायनर पॉलिश पेपरने घासून ‘चालेल साहेब’ म्हणणारे मेस्त्री असतात; ते चालत नाहीत, बदलावेच लागतात. होज, गंजलेले पाइप आणि एअर काढायचे निपल हेही बघून घ्यावेत.

जमिनीवरचा डाग कशाचा, यावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकमत होणे अशक्य. दोन थेंब पाण्यात टाकावेत. नेहमीचे ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते, इंजिन ऑइलचा तवंग येतो.

खरी परीक्षा, डागच नसतो तेव्हा. मास्टर सिलिंडरचे मागचे सील गेले की ऑइल गुपचूप बूस्टरमध्ये साठते आणि खालून गाडी कोरडी ठणठणीत दिसते. सिलिंडरचे नट सोडून तो पुढे ओढला की मागची ओल दिसते. दुसरा संशयित हायड्रॉलिक क्लच. अनेक गाड्यांत तो याच डबीतून ऑइल घेतो, पण त्याची नळी डबीच्या तळापेक्षा वर जोडलेली असते. त्यामुळे पातळी ठराविक रेषेपर्यंत उतरून तिथेच थांबते, ब्रेक शाबूत राहतात आणि क्लच मात्र लागेनासा होतो. अशा वेळी क्लच पॅडलच्या वरून खाली येणारा ओघळ बघावा. तिथले कार्पेट कित्येकदा आधीपासूनच भिजलेले असते. पावसाळाभर तो आळ छत्रीवर गेलेला असतो.