न थांबणाऱ्या कूलरसाहेबांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय कूलरसाहेब,
मु. सांदवाडीकडची खिडकी, पो. चिचगड, ता. देवरी, जि. गोंदिया.

विषय : बंद केल्यावर बंद होण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार, वि. वि. मृग लागला. पहिला पाऊस पडून गेला, बांधीत पऱ्हे टाकायची धांदल सुरू झाली, पोरं रात्री चादर मागू लागली. आपलं मात्र अजून नवतप्यातलंच चालू आहे. बटन शून्यावर नेलं तरी आपण फुल, दोनवर नेलं तरी फुल. झाडीपट्टीतल्या नाटकासारखे रात्रभर चालता. फरक एवढाच की नाटकाला लोक तिकीट काढून जातात.

आपल्या उपकारांची जाण नाही असं कृपया समजू नये. पारा ४५ कडे सरकतो तेव्हा आपल्यासमोर कुणाची खाट पडावी यावरून या घरात फक्त वाटण्या व्हायच्या बाकी राहतात. कोरडी हवा ओल्या ताटीतून ओढली की पाणी उडतं, उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं, आणि १०-१५ अंशांनी उतरलेला वारा खोलीत येतो. मुंबईच्या पाहुण्यांना हे पटत नाही. त्यांच्या दमट हवेत आपण नुसते पाणी पिणारे पंखे ठरता. पण मृगानंतर चिचगडची हवाही त्यांच्या बाजूला जाते. ताटीतलं पाणी उडत नाही, गार काही होत नाही, पापड मऊ पडतात, काडीपेटी पेटत नाही. थोडक्यात, आपली यंदाची मुदत संपली आहे आणि आपल्याला ते मान्य नाही.

आपण मान देता तो एकाच हुकमाला, लाइन जाण्याच्या. लाइन गेली की लगेच थांबता, आणि रात्री दोनला ती आली की कोणी न सांगता कामावर रुजू होता. एवढी कर्तव्यनिष्ठा तालुक्यात दुसरीकडे कुठे आमच्या पाहण्यात नाही.

आपल्या प्रकृतीची चौकशी करायला अर्धं गाव येऊन गेलं. आमच्याकडे कूलर बिघडला की मिस्तरी शेवटी येतो, तज्ज्ञ आधी येतात. पहिले म्हणाले, ‘कंडेन्सर गेला असन जी.’ कंडेन्सर गेला की मोटर नुसती गुणगुणत बसते, ढकलल्याशिवाय फिरत नाही. थांबायला नकार देणं हे त्याचं दुखणंच नव्हे. दुसरे म्हणाले, ‘मोटरच बदलून टाका, जुनी झाली ते.’ तिसऱ्यांनी सगळं वाऱ्यावर घातलं : बाहेरची हवा पात्यांत शिरते म्हणून फिरते. हे अगदीच टाकाऊ नव्हतं. लू सुटली की खिडकीतला बंद फॅनही आपोआप हळूहळू फिरतो. पण तसा फॅन टेबलावरचा पेपर उडवत नाही, आणि पिन काढली तरी फिरतच राहतो. आपण पिन काढली की थांबता. म्हणजे वाऱ्यावर नव्हे, लाइनवरच चालता.

मोटरीला स्वतःची मर्जी नसते. करंट आला की फिरायचं, नाही आला की थांबायचं. ती थांबत नाही याचा अर्थ, वाटेत करंट अडवायला ज्याला बसवलंय तो काम करत नाही. तरी गावाने दोष दिला तो मोटरीलाच, आणि यात नवल नाही. मंत्रालय राज्याच्या पश्चिम टोकाला, आम्ही छत्तीसगडला टेकलेल्या पूर्व टोकाला. हुकूम तिथून सुटला आणि वाटेत कुठे मुरला, की बोलणी खायला तलाठीच समोर असतो.

खरं तर पुरावा आपल्याच पोटात होता. पंपाचं बटन बंद केलं की पंप निमूट थांबतो, ताट्या सुकतात. त्याच वायरीवरचा, त्याच टाकीतला तो. म्हणजे लाइन ठीक, वायर ठीक, घोळ फॅनच्या गोल बटनात. मग दोनच गोष्टी उरतात. एक, आतल्या पट्ट्या ठिणग्यांनी पोळून एकमेकींना चिकटल्या असाव्यात; मोटर सुरू होताना एरवीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि हलकं स्विच ते फार दिवस सोसत नाही. दोन, बटन फिरतंय पण त्याच्या आतला दांडा जागचा हलत नाही.

पिन काढून ठेवली (हे आधी) आणि बटन उपसलं. काळं प्लास्टिकचं टोपण. मागे दांडा बसायला भोक, एका बाजूने सपाट असतं तसं. असायला हवं होतं, म्हणू या. पोरांनी उन्हाळाभर कडाकडा फिरवून ती सपाट बाजू पार घासून टाकली होती. भोक झालं होतं गोल गरगरीत. टोपण शून्य दाखवत होतं, दांडा फुलवर ठाण मांडून होता. पक्कडीने दांडा धरून फिरवला. कट्, कट्, कट्. पिन लावली. आपण गप्प.

अमेरिकेत मिनेसोटाला असलेल्या भाच्याला फोनवर हे सांगितलं, तर तो म्हणाला, तिकडेही असंच होतं. तिकडे थंडीत घर तापवायला फर्नेस असते आणि गरम हवा खोल्यांत ढकलायला तिचा पंखा. तो थांबेना की आधी भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचं बटन पाहायचं : ‘ऑटो’वरून ‘ऑन’वर कुणी सरकवलं असेल तर आग विझली तरी पंखा चालूच. ते बरोबर असेल तर फिल्टर पाहायचा. तो धुळीने बुजला की आत उष्णता साचते, सुरक्षेचं स्विच आग तोडतं आणि पंखा मात्र चालू ठेवतं, उष्णता निघून जावी म्हणून. म्हणजे तिकडचा पंखा कधी कधी घर वाचवायला जागतो. आपल्याजवळ असलं एखादं कारण असतं तर या पत्राचा मायना वेगळा झाला असता.

आता तक्रारीचा खरा भाग. दुरुस्ती झाल्यावर नवं बटन आणायचं सोडून या घराने ती पक्कड सुतळीने आपल्या कानाला बांधून टाकली आहे, आणि सर्वानुमते आपण ‘दुरुस्त’ आहात. त्याआधी आपल्याला थांबवायची रीत होती ओल्या हाताने पिन ओढायची. खाली टाकीतून सांडलेलं पाणी, पाय अनवाणी, पुढे पत्र्याची बॉडी. शेजारी तर पिनही नाही. दोन उघड्या तारा प्लगाच्या भोकांत काडीपेटीच्या काड्या ठोकून बसवल्या आहेत, आणि अर्थिंगचं भोक कोळ्याला राहायला दिलं आहे. कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी विदर्भातल्या पेपरांत दर उन्हाळ्यात येते. लोक हळहळतात, पान उलटतात, आणि टाकी किती भरली ते पाहायला कूलर चालू ठेवूनच आत हात घालतात. फॅन थांबला म्हणजे करंट गेला, असंही नाही. मिस्तरीने स्विच फेजवर न घालता न्यूट्रलवर घातलं असेल, तर पाती उभी राहतात आणि मोटरीत करंट तसाच उभा असतो. ३० मिलिअँपिअरची गळती झाली की लाइन तोडणारा ईएलसीबी मिळतो, पण तो गार वारा देत नाही. त्यामुळे घरच्या यादीत त्याचा नंबर नव्या ताट्यांच्या नंतर, आणि बहुधा पुढच्या साली, लागतो.

सबब कळवण्यात येते की, देवरीला जाणं होईल तेव्हा नवं बटन, नवं स्विच आणि अर्थिंगची वायर आणण्यात येईल. तोवर आपली पिन काढून वर खिळ्याला टांगली आहे. ती कुणाला लावू देऊ नये.

आपला,
घरमालक (वीजबिलापुरता)

प्रत माहितीस्तव :
पंप, यांस. आज्ञाधारकपणाबद्दल आभार.
घरातली पोरं, यांस. नवं बटन एका वेळी एकानेच फिरवावं.
पक्कड, यांस. नेमणूक तात्पुरती आहे. मुदतवाढीचा अर्ज करू नये.