काकाजी निघणार आहेत

दसरा झाला की अकोल्यातल्या आमच्या कॉलनीत जो तो काकाजींना एकच प्रश्न विचारतो, "काकाजी, यंदा निघता काय?" काकाजी ओट्यावर बसलेले असतात. मांडीवर लांबोडकी, लाल कापडी पुठ्ठ्याची जमाखर्चाची वही. मान वर न करता ते म्हणतात, "निघून रायलो न बाप्पा. फक्त खंडव्याचं जमू द्या."

खंडव्याचं अजून जमलेलं नाही.

जायचं आहे नर्मदा परिक्रमेला. कार्तिकात ओंकारेश्वरला संकल्प सोडायचा, बाटलीत मैयाचं जल घ्यायचं, नदी उजव्या हाताला ठेवून दक्षिण तटाने समुद्रापर्यंत चालायचं, तिथून नावेने पैलतीर गाठून उत्तर तटाने अमरकंटकपर्यंत यायचं आणि उगमाला वळसा घालून पुन्हा ओंकारेश्वरी कढाई करून सांगता करायची. अंतर सुमारे २६०० किलोमीटर. नदी कुठेही ओलांडायची नाही. जुन्या रीतीने याला तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस लागतात, कारण चातुर्मासात चालणं बंद असतं. हल्ली लोक पाच-सहा महिन्यांतही करतात. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ने मराठी वाचकाला हे वेड लावलं, जगन्नाथ कुंट्यांच्या ‘नर्मदे हर हर’ने ते घरोघरी नेलं. काकाजींनी दोन्ही पुस्तकं वाचली आहेत. या पुस्तकांत चालणं गंज आहे आणि स्टेशनं फार कमी, एवढीच त्यांची तक्रार.

कारण काकाजींच्या लेखी परिक्रमा म्हणजे ओंकारेश्वरच्या पुढचा भाग, आणि तो मैया पाहून घेईल. ओंकारेश्वरपर्यंतचा भाग मात्र माणसाने पाहायचा असतो. तो ते पाहत आहेत.

अकोला ते खंडवा मीटरगेज होती तोवर पाहण्यासारखं काही नव्हतं. अकोल्यात बसायचं, अकोट, हिवरखेड, वान रोड करत गाडी मेळघाटात शिरायची, धुळघाटला गोल वळसा घेऊन आपल्याच रुळांवरून पलीकडे जायची आणि तुकईथडवरून खंडव्याला लागायची. जेमतेम पावणेदोनशे किलोमीटर. त्याच रुंदीचे रूळ पुढे थेट ओंकारेश्वर रोडला. जयपूरची मीनाक्षी एक्स्प्रेस याच वाटेने जायची. तेव्हा काकाजी जिल्हा परिषदेत होते आणि साहेब रजा देत नव्हते. मग २०१७ च्या जानेवारीत ही लाइन ब्रॉडगेजसाठी बंद झाली आणि २०१८ मध्ये काकाजी निवृत्त झाले. "नोकरी होती तवा गाडी होती," ते सांगतात. "नोकरी सुटली तं गाडीच नाई. आता बोला!"

आता बोलण्यासारखं काय असतं? रूळ अकोटपर्यंत झाले. २०२२ च्या ऑक्टोबरात गांधीग्रामजवळच्या पूर्णेवरच्या जुन्या पुलाला तडा गेला, अकोला-अकोट रस्ता बंद पडला आणि लोकांची पंचाईत झाली, तेव्हा नोव्हेंबरात अकोटची गाडी सुरू झाली. काकाजी सुरुवातीच्याच एका गाडीने अकोटला गेले, स्टेशनावर चहा घेतला आणि परतीच्या गाडीने घरी आले. वहीत नोंद आहे : ‘परिक्रमा. टप्पा पहिला. समाधानकारक.’

दुसरा टप्पा वाघाकडे अडला. जुनी लाइन मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून जाते. ती तशीच रुंद करायची की जंगलाबाहेरून वळवायची, हा वाद सुरू झाला. काकाजींना दोन्ही बाजू पटतात. वाघ जगला पाहिजे आणि गाडीही सुटली पाहिजे. मात्र निकाल लागेपर्यंत थांबणं त्यांना सोयीचं वाटतं, हे मी आपलं माझं मत म्हणून नोंदवून ठेवतो.

त्यांची वही पाहण्यासारखी आहे. ब्रॉडगेजचं पान वेगळं, मीटरगेजचं वेगळं आणि मागे नॅरोगेजचंही एक पान : मूर्तिजापूरहून शकुंतलेने अचलपूर, तिथून परतवाड्याला एसटी धरून धारणी. शकुंतला केव्हाच थांबली, पण पान फाडलेलं नाही. चालू गाड्यांपेक्षा बंद गाड्यांवर काकाजींचा विश्वास जास्त. "चालू गाडीचा टाइम बदलते," त्यांचं म्हणणं. "बंद गाडीचा टाइम पक्का राह्यते."

उरते भुसावळची वाट. अकोल्याहून भुसावळ, तिथे गाडी बदलून बऱ्हाणपूर आणि खंडवा. अंतर अडीचशे किलोमीटरच्या वर. या वाटेने रोज हजारो माणसं जातात. काकाजींना ही वाट मान्य नाही, कारण ती आधी पश्चिमेला जाते आणि मग उत्तरेला. "जायचं वरते अन् निघाचं बाजूले, हे कोणतं गणित?" शिवाय भुसावळला गाडी चुकली तर? आणि चुकली नाही, पण प्लॅटफॉर्म बदलला तर?

मागे एका शहाण्याने सुचवलं, सरळ इंदूरला जा, तिथून ओंकारेश्वर दोन-अडीच तास. काकाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बिचारा चपला शोधू लागला. इंदूर नर्मदेच्या उत्तरेला, ओंकारेश्वरचं गाव दक्षिण तटावर. म्हणजे जिला ओलांडायचं नाही असा संकल्प सोडायचा, तिलाच संकल्पाच्या आदल्या दिवशी बसमध्ये चिवडा खात ओलांडायचं! संकल्पाआधी ओलांडली तर दोष नाही, असं जाणकार सांगतात. काकाजी म्हणतात, "दोष नसन. पण थिले काय वाटन?"

अमरावतीचे मेहुणे हा या वहीचा कायमचा विरोधी पक्ष. अमरावतीचा रेल्वेच्या मुख्य लाइनशी संबंध बडनेऱ्यापुरता, म्हणून त्यांचा जीव एसटीवर. दिवाळीला आले की सुरू होतात, "जवाई, तुमच्या अकोल्याची गाडी बंद पडली तं पडली, आमची परतवाड्याची एसटी चालूच हाय न! सेमाडोह, हरिसाल, धारणी, का पलीकडे मध्य प्रदेश!" काकाजी शांतपणे वहीचं भाड्याचं पान उघडतात. महाराष्ट्रात महिलांना २०२३ पासून एसटीचं अर्धं तिकीट; काकाजींनी पासष्टी ओलांडली, म्हणजे त्यांनाही अर्धं; पंचाहत्तरीनंतर तर पूर्ण फुकट. पण ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंत. पलीकडे सरकारी महामंडळ २००५ मध्येच गुंडाळलेलं, सगळ्या गाड्या खाजगी. "म्हंजे धारणीपरेंत मी ज्येष्ठ नागरिक," काकाजी म्हणतात, "अन् धारणीच्या पुढं कोणीच नाई."

रेल्वेही त्यांच्याशी नीट वागलेली नाही. साठीच्या पुरुषांना तिकिटात ४० टक्के सूट होती. ती २०२० च्या मार्चात थांबली आणि काकाजींची साठी भरली मे महिन्यात. पण त्याहून मोठा घाव १ नोव्हेंबर २०२४ चा. त्या दिवसापासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी मिळू लागलं. बाकीच्या देशाने ही बातमी वाचून पान उलटलं. काकाजी दोन दिवस नीट जेवले नाहीत. चार महिन्यांचं नियोजन सरकारने एका फटक्यात दोन महिन्यांवर आणलं होतं.

यावरून वाचकाचा समज होईल की हा माणूस निरुपयोगी आहे. तसं अजिबात नाही. काकाजींकडे लोक येतात. अकोटहून, बाळापूरहून, पार अमरावतीहून येतात, आणि तेही मेहुण्यांना न कळू देता. कुणाची आई निघालेली असते, कुणी नवरा-बायको निघालेले असतात. ते परीक्षेला बसल्यासारखे सतरंजीवर बसतात आणि काकाजी चष्मा पुसतात.

"कोणत्या बाजूनं जासान?"

"दक्षिण तटावरून, काकाजी. रीतच तशी आहे."

"तट नाई इचारला. भुसावळच्या स्टेशनावर कोणत्या बाजूनं उतरसान?"

इथे पाहुणा गप्प होतो आणि काकाजींचं काम सुरू होतं. पादचारी पूल कुठे, पाणी कुठे भरायचं, खंडव्याला उतरल्यावर रिक्षावाल्याला भाव विचारायचा नाही, फक्त ‘बस स्टॅण्ड’ म्हणायचं आणि बसायचं. ओझं किती? एक सतरंजी, दोन पांढरे कपडे, काठी, कमंडलू. काठी गाडीत वर ठेवायची नाही, झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर पडते. पैसे तीन ठिकाणी. पुढच्या वाटेची चिंता करायची नाही, कारण पुढे गावोगाव सदावर्त आहे, आश्रम आहेत, आणि ‘नर्मदे हर’ म्हटलं की कोणी ना कोणी पोळी वाढतं. "तिकडं उपाशी राह्याची सोयच नाई," ते बजावतात. "उपाशी राह्यसान तं भुसावळले."

एकदा एका मुलाने मोबाइल काढून सांगितलं, की हे सगळं यात दिसतं. काकाजींनी मोबाइल हातात घेतला, अदबीने पाहिला आणि परत देत विचारलं, "गाडी लेट हाय, हे सांगते न हा? मंग त्या दोन घंट्यांत बसाचं कुठं, थे इचारून पाय त्याले." मुलगा वही उतरवून घेऊन गेला.

अशा बैठकांना चहा काकीजी देतात. त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगायची राहिली : त्या परिक्रमा करून आल्या आहेत. भजनी मंडळाने एका वर्षी बसची परिक्रमा ठरवली, पंधरा-वीस दिवसांत सगळे घाट दाखवून आणणारी. मंडळाच्या बायकांनी विचारलं, काकीजी हो म्हणाल्या, आणि पिशवी भरून गेल्या. त्यांना वाटेत अमरकंटकची थंडी भेटली, महेश्वरचा घाट भेटला. माघारी आल्या त्या मैयाच्या जलाची बाटली आणि दोन किलो वजन घेऊन. सगळी कॉलनी दर्शनाला लोटली. काकाजींनी त्यांना प्रसाद कपाळी लावायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "खंडव्यात गाडी किती वाजता शिरली?"

"मी झोपली होती," काकीजी म्हणाल्या.

वहीत त्या रकान्यात आजही फुली आहे.

आणि एवढं असून, चालण्याचं काकाजींना काडीचं भय नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराला येणाऱ्या कावडीत ते तरुणपणी अनवाणी चाललेले आहेत. आजही मनात आलं की एखाद्या बुधवारी रात्री टॉवेल खांद्यावर टाकतात, चप्पल पायात सरकवतात आणि पायी शेगावला जातात. चाळीसेक किलोमीटर. कुणाला सांगत नाहीत, वही उघडत नाहीत, पाण्याची बाटलीसुद्धा विसरतात. गुरुवारी दर्शन घेऊन, कचोरी खाऊन, पॅसेंजरच्या दारात उभे राहून घरी. कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी १५९४ पासून पंढरपूरला जाते आहे, शेगावची गजानन महाराजांची पालखी आषाढीसाठी आमच्या अकोल्यातूनच पुढे जाते. वऱ्हाडातल्या माणसाला घराच्या उंबऱ्यापासून चालायला सांगा, तो विचार करत नाही. त्याला आधी गाडीत बसायला सांगितलं की तो वही काढतो.

हे ध्यानात आल्यावर मी एका संध्याकाळी काकाजींना म्हटलं, "काकाजी, मग तुम्ही इथूनच पायी निघा ना. अकोल्याहून ओंकारेश्वर. गाडीचा प्रश्नच मिटला."

काकाजी बराच वेळ बोलले नाहीत. कॉलनीतले दिवे लागले. मला वाटलं, आता आत जातील, पिशवी आणतील आणि खरोखरच निघतील. आणि काकीजींना काय तोंड दाखवायचं या विचाराने मी धास्तावलो. मग त्यांनी वहीचं कोरं पान उघडलं, कानामागचं पेन काढलं आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं : ‘पायी. व्हाया अकोट.’

"वान नदीवर पूल हाय," ते म्हणाले, "पण थो रेल्वेचा. त्याच्यावरून पायी जाऊ देत नाई. जंगलातून पायी जाची परवानगी कोणत्या हापिसात भेटते, अकोटले का परतवाड्याले? अर्ज करा लागन. अन् मुक्काम धुळघाटले पडते. तिथं आता स्टेशनमास्तर नाई, मंग झोपाचं कुठं?" पानाची एक बाजू भरली. ती उलटून ते म्हणाले, "हे थोडं मोठं काम हाय. यंदा नाई जमत. पुढच्या कार्तिकात पक्कं."

तेव्हा कार्तिकी एकादशीनंतर तुमच्या घरातलं कोणी परिक्रमेला निघणार असेल, तर दसऱ्याच्या आसपास काकाजींना भेटून घ्या. संध्याकाळी पाचनंतर ते ओट्यावरच असतात. फी नाही, चहा आहे. आणि हे मी चौकशी करून लिहितो आहे : त्यांच्या वहीवरून निघालेल्या एकाचीही भुसावळला गाडी आजवर चुकलेली नाही.