तिरकी टीप

आमच्या सातारा-सांगली पट्ट्यात स्वयंपाकघराच्या दारामागं एक खिळा असतो. त्या खिळ्याला एक पिशवी, तिच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी, अशा साताठ पिढ्या गुण्यागोविंदानं नांदत असतात. सगळ्यांत आतली पिशवी साडीच्या दुकानाची. तिच्यावर छापलेला दुकानाचा फोन नंबर पाच आकडी. एवढा साठा घरात असताना नवऱ्यानं निवृत्तीनंतर पिशव्या शिवायला शिकावं, हे आमच्या हिला मुळीच पटलं नाही. मी म्हटलं, सगळी उमर विम्याच्या कचेरीत कागद हलवले, आता एकदा हातानं काहीतरी उभं करतो. ही म्हणाली, "उभं राहील का ते?"

साताऱ्यात शिवणक्लासांना तोटा नाही. एका क्लासची पायरी मी चढलोही. आत मे महिन्याच्या सुट्टीतल्या मुली बसलेल्या. बाईंनी मला नीट खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "मुलीची फी भरायचीय का?" मी तसाच खाली उतरलो आणि सांगलीची एसटी धरली. सांगलीत विश्रामबागला हिची थोरली बहीण राहते. तिला सगळे अक्का म्हणतात. अक्कांच्या हाताखालून निम्म्या विश्रामबागेच्या सुना ब्लाऊज शिवून गेल्यात. त्यांनी माझ्याकडं वरून खालपर्यंत पाहिलं, माप घेतल्यासारखं, आणि म्हणाल्या, "पिशवी होय? होईल की दाजी. ब्लाऊज म्हणाला असता तर नाही म्हटलं असतं."

पहिला धडा कापडावर नसतो, हे मला ठाऊक नव्हतं. मशीनला दोरा न लावता वहीचा रेघी कागद सुईखाली घालायचा आणि छापील रेघेवरून भोकं पाडत जायचं. पायानं पायडल आणि हातानं कागद, दोघांची गाठ पडेपर्यंत. पायडलचं एक गुपित आहे. सुरुवातीला वरचं चाक हातानं आपल्या अंगाकडं फिरवून मगच पाय मारायचा. नुसताच पाय मारला की चाक मनात येईल त्या दिशेला जातं आणि दोरा असला तर खाली त्याचा गुंता होतो. माझं चाक मागं गेलं की अक्का आतून आवाजावरूनच ओळखायच्या. "दाजी, पुढं जायचंय. कराडला परत नाही!"

सुई ओवताना तर सगळा जन्म उलटा झाल्यासारखं वाटतं. हातशिलाईच्या सुईला नेढं बोथट बाजूला असतं, मशीनच्या सुईला ते टोकाशी. ही करामत घेऊन एलिआस हाव नावाच्या अमेरिकन माणसानं 1846 साली पेटंट मिळवलं. नेढं टोकाशी आल्यामुळं दोरा कापडाच्या खाली जातो, तिथं बॉबिनचा दोरा त्यात अडकतो आणि टीप बसते. पण नाव झालं आयझॅक सिंगरचं, त्याचं पेटंट 1851 चं. यंत्रांवर एरवी रुसलेल्या गांधीजींनी 1924 साली शिलाई मशीनला मात्र सूट दिली होती. बायकोला हातानं शिवताना पाहून सिंगरला दया आली आणि प्रेमापोटी त्यानं हे यंत्र घडवलं, असं त्यांनी सांगितलं. सिंगरच्या चरित्रात प्रेम भरपूर आहे हे खरं. वेगवेगळ्या बायकांपासून त्याला वीसहून अधिक मुलं होती. अक्कांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग एवढ्यांचे कपडे शिवायला मशीन लागणारच की."

पिशवीला शिवणक्लासात कुणी विचारत नाही. झबलं, परकर, ब्लाऊज अशी चढती भाजणी, आणि पिशवी म्हणजे उरलेल्या कापडाची सोय. मला हे अन्यायाचं वाटतं. ब्लाऊज एका बाईला बसला की सुटला. पिशवीत आज कांदे जाणार, उद्या दळण, परवा कुणाच्या तरी घरची भांडी. ब्लाऊजमध्ये कुणी पाच किलो शाळू भरून गिरणीपर्यंत झुलवत नेत नाही.

अक्कांची परीक्षा तीच होती. पिशवीत पाच किलो शाळू भरायचा, गॅलरीतल्या हुकाला टांगायचा आणि चहा प्यायचा. चहा होईस्तोवर पट्टा जागेवर राहिला तर पास. शिवण गेली तर बहुतेकदा पट्टा तोंडाला जोडतो तिथंच जाते, म्हणून तिथं चौकोन शिवून त्यात आडवी-तिडवी फुली मारायची. दळणाच्या पिशवीला आणखी दोन अटी. कापड घट्ट विणीचं हवं आणि टीप बारीक, नाहीतर गिरणीपासून घरापर्यंत पांढरी रेघ पडत येते आणि तुम्ही कुठल्या गल्लीतून आलात ते साऱ्या पेठेला कळतं. मांजरपाट असेल तर आधी भिजवून, वाळवून मग कापायचा. तो पहिल्या पाण्यातच आटतो. तळाचे दोन कोपरे तिकोनी दुमडून शिवले की पिशवीला बूड येतं आणि ती ओट्यावर बसते. हे पहिल्यांदा बसलेलं बूड मी हिला फोनवरून दाखवलं. "उभी राहिली बघ," म्हटलं. ही म्हणाली, "आता चालायला लावा."

कापडाची या भागात ददात नाही. शेजारच्या इचलकरंजीत 1904 साली पहिला यंत्रमाग आला, विट्यातही माग आहेत, कटपीस कुठंही मिळतं. पण मी जुन्यावरच हात साफ केला. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं 2018 साली हिशेब मांडला होता. पर्यावरणावरचे सगळे परिणाम धरले तर नवी सुती पिशवी साध्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला सुमारे 7100 वेळा वापरावी लागते. नुसतं हवामान पाहिलं तर 52 वेळा. रोज एकदा मंडईत गेलो तरी 7100 म्हणजे एकोणीस वर्षं. विम्यात उमर घालवलेल्या माणसाला या आकड्याचा अर्थ लगेच कळतो. एवढ्या मुदतीची पॉलिसी या वयात कुणी देत नाही. जुन्या पँटचं कापड मात्र नव्यानं पिकवावं लागत नाही. शिवाय पँटचा खिसा तसाच ठेवला तर पिशवीला बाहेरून सुट्ट्या पैशांची सोय होते.

तेच 2018 साल आपल्याकडं दोन कारणांनी लक्षात राहिलं. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि 23 जूनपासून राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला 5000 रुपये दंड. त्या दिवसांत भल्याभल्यांनी दारामागचा खिळा मोकळा केला होता. हातात दुधाची पिशवी दिसली तरी माणूस चोरासारखा भिंतीच्या कडेनं चालायचा. पुढं दंड राहिला, भीती गेली.

आता माझ्या पिशव्यांचं काय झालं ते सांगतो. अक्कांनी शिवलेली पिशवी म्हणजे कडा सरळ, टीप सुतात, खणाचा काठ लावलेला. ती ज्याला मिळाली त्यानं "अय्या, भाजीला कशाला एवढी चांगली?" म्हणत कपाटात ठेवली. मी तपास केला आहे. साताऱ्यातल्या आमच्या नात्यातल्या कपाटांत अक्कांच्या पिशव्या घडी न मोडता पडून आहेत, आणि त्यांच्या मालकिणी मंडईत दुकानदाराकडं हळूच "एक द्या की" म्हणत उभ्या आहेत. एकदा मी स्वतः अक्कांची पिशवी घेऊन मंडईत गेलो. भाजीवाल्या मावशींनी कोथिंबिरीची जुडी उचलली, पिशवीकडं पाहिलं आणि थबकल्या. "भिजलेली हाय ओ काका, एवढी चांगली पिशवी घाण हुईल." असं म्हणून त्यांनी गाठोड्यातून एक पातळ प्लास्टिकची पिशवी काढली, कोथिंबीर तीत घातली आणि ती माझ्या कापडी पिशवीत अलगद ठेवली.

पुढच्या बाजाराला मी माझी, जुन्या खाकी पँटची, एक पट्टा आखूड आणि टीप अजिंक्यताऱ्याच्या वाटेसारखी वळत गेलेली पिशवी नेली. मावशींनी तिच्यात बटाटे ओतले, मातीसकट. वर चिखलाचा मुळा खोचला. कसला विचार नाही, कसला संकोच नाही. तेव्हापासून माझ्या पिशव्यांना मागणी आहे. शेजारचे दोघेजण घेऊन गेले. एकानं त्यात सायकलची हत्यारं ठेवली, दुसऱ्याच्या घरी ओली हळद आणताना ती पिवळी झाली आणि कुणालाही त्याचं वाईट वाटलं नाही.

अडचण एवढीच की हात आता सुधारू लागलाय. परवाची पिशवी बघून ही म्हणाली, "ही छान झालीय, पाहुण्यांना द्यायला ठेवूया," आणि ती कपाटात गेली. मी हबकलोच. रात्री अक्कांचा फोन आला. त्यांना गिरणीसाठी चार पिशव्या हव्या होत्या. म्हटलं, अक्का, तुम्ही स्वतः शिवता की.

"माझ्या शिवलेल्या गिरणीत न्यायला जीव होत नाही ओ दाजी. तुमच्या पाठवा. आणि फार नीट करत बसू नका. पट्ट्याला तेवढी फुली मारा."