माकोच्या लग्नात नाक खुपसणाऱ्या निनावी टीकाकारास खुले पत्र

टोकियोतील टीकाकार महाशय,

तुमचं नाव मला ठाऊक नाही, कारण तुम्ही ते कधी दिलंच नाहीत. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये जपानची राजकन्या माको आणि केई कोमुरो यांचं लग्न ठरल्याचं जाहीर झालं. तेव्हापासून चार वर्षं तुम्ही तिची उणीदुणी चव्हाट्यावर मांडलीत, पण खाली सही करायचं धैर्य तुम्हाला एकदाही झालं नाही. आता तुमच्या एकेका आक्षेपाचा हिशेब होऊन जाऊ द्या.

पहिला आक्षेप पैशाचा. मुलाच्या आईने तिच्या एकेकाळच्या वाग्दत्त वराकडून घेतलेल्या सुमारे ४० लाख येनांवरून वाद निघाला आणि लग्न पुढे ढकललं गेलं. मुलाने २८ पानांचा खुलासा दिला, तोही तुम्हाला पुरला नाही. ‘आमच्या कराचा पैसा या घरात नको,’ असं तुम्ही ओरडत राहिलात. माकोने राजघराणं सोडताना मिळणारे सुमारे १५ कोटी येन नाकारले. २६ ऑक्टोबर २०२१ ला पारंपरिक विधी न करता, मेजवानीशिवाय तिचं लग्न नोंदवलं गेलं. तुमचा एक येनही तिने नेला नाही, आणि त्याच दिवशी टोकियोत लग्नाच्या निषेधाचे फलक फडकत होते. म्हणजे तुमचं दुखणं पैशाचं नव्हतंच.

दुसरा आक्षेप मुलाच्या लायकीचा. तो अमेरिकेहून परतला तेव्हा तुमची नजर त्याच्या शेंडीसारख्या बांधलेल्या केसांवर खिळली. न्यूयॉर्कच्या वकिलीच्या परीक्षेत तो दोनदा नापास झाला, तेव्हा तुम्हाला चेव आला. २०२२ मध्ये तिसऱ्या खेपेला तो पास झाला. तुमच्यातल्या कितीजणांनी त्याची माफी मागितली?

तिसरा आक्षेप कर्तव्याचा: तिने घराणं सोडलं. महाशय, १९४७ चा तुमचाच राजघराण्याचा कायदा उघडा आणि त्याचं १२ वं कलम वाचा. राजघराण्याबाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं की राजकन्येचं घराण्यातलं स्थान जातं. तिच्या भावाने, हिसाहितोने, कुणाशीही लग्न केलं तरी त्याचं स्थान अबाधित राहील. याच कायद्यानुसार तिची आत्या सायाको २००५ मध्ये लग्नानंतर बाहेर पडली. ज्या घरात मुलीला सिंहासनावर हक्क नाही आणि लग्नानंतर राहायची परवानगीही नाही, त्या घराच्या कर्तव्याचा जाब तुम्ही तिलाच विचारता? लेक परक्याचं धन म्हणायचं आणि तिचा नवरा मात्र आपण निवडायचा, हा दुटप्पीपणा आम्हा मराठी माणसांना चांगला ओळखता येतो. ‘चार लोक काय म्हणतील’ या धाकाखाली आमच्याही कितीतरी मुली वाढल्या आहेत, म्हणून मी हे रागाने लिहिते आहे.

तुमच्या बोलण्याची किंमत कोणी मोजली, तेही ऐका. १ ऑक्टोबर २०२१ ला राजघराण्याच्या कार्यालयाने जाहीर केलं की, दीर्घकाळ चाललेल्या निंदानालस्तीमुळे माकोला गंभीर मानसिक आघाताचा विकार जडला आहे. ती पहिलीही नव्हे. तिची आजी मिचिको हिच्यावर साप्ताहिकांनी टीकेची झोड उठवली होती; १९९३ मध्ये ती कोसळली आणि कित्येक महिने तिची वाचा गेली होती. परराष्ट्र खात्यातली नोकरी सोडून याच घरात सून म्हणून आलेल्या मासाकोवर मुलगा व्हावा यासाठी दडपण आलं. २००४ मध्ये तिच्याही मानसिक आजाराची जाहीर वाच्यता करावी लागली. एकाच घरातल्या तीन बायका आजारी पडल्या, तरी स्वतःच्या वागण्यात काही चुकतंय असं तुम्हाला वाटलं नाही.

आज तुमच्याकडे राजघराणं आक्रसत चालल्याची चिंता आहे. हिसाहितोच्या पिढीत दुसरा पुरुष वारस नाही, म्हणून लग्नानंतरही राजकन्यांना राहू द्यावं का, यावर संसदेत खल चालतो. त्या चर्चेत तुम्ही जरूर उतरा. सगळा संताप त्या १२ व्या कलमावर काढा, सम्राट नारुहितोंच्या कन्या आयको यांना सिंहासनाचा हक्क का नाही ते विचारा, आणि या वेळी खाली स्वतःचं नाव लिहा. माको तिच्या नवऱ्यासोबत न्यूयॉर्कला गेली आहे. ती तुमचं काहीही देणं लागत नाही. तुम्ही मात्र तिचं एक देणं लागता: उघडपणे, नावानिशी मागितलेली माफी.

एक मराठी वाचक