अगं बाई, माशालाही कागदपत्रं?

ऐकलंत का? लोणावळ्यात, तुंगार्लीच्या एका बंगल्यात म्हणे वास्तुवाल्याच्या सांगण्यावरून अरोवानाची सहा फुटी टाकी ईशान्येला आली. तिथला देव्हारा? गेला स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी! वर घरच्या वहिनी सांगतात, हा मासा मेला तर समजायचं, घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं. शिव शिव! संकट घ्यायला इतकी वर्षं नवरे होते की.

पण खरी मजा कागदांची. इंडोनेशिया-मलेशियाकडचा हा आशियाई अरोवाना वन्यजीवांच्या व्यापारावरच्या ‘सायटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे थेट वाघाच्या पंक्तीला. कायदेशीर विकतात तो परवानाधारक केंद्रात जन्मलेला, अंगात चिप टोचलेला, सोबत दाखला. जिवंत मासा भारतात आणायचा तर सॅनिटरी इम्पोर्ट परमिट हवं, उतरल्यावर विलगीकरण. २०२२ मध्ये वन्यजीव कायदा बदलला, फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम आले आणि अशा प्राण्यांची नोंद ‘परिवेश’ पोर्टलवर करायची झाली. जन्म कळवा, मृत्यूही कळवा. मावळात सातबाऱ्यावर वारसाचं नाव चढवायला चपला झिजतात, आणि इथे माशाचं मयत ऑनलाइन!

शौकीन मंडळी अर्थातच खवळतात. मे २०१७ मध्ये तर केंद्रानं १५८ जातींच्या माशांवर गंडांतर आणलं होतं. दुकानदारांनी असा गलका केला की ते नियम त्याच वर्षी गुंडाळावे लागले. ते जरा अतीच होतं, हे मीही म्हणेन. विलगीकरणाला मात्र नाकं मुरडू नका. १९९८ च्या सुमारास इस्रायलमध्ये कोई माशांत हर्पिसचा विषाणू सापडला. तो तळीच्या तळी रिकामी करतो. आणि फार्महाऊसच्या हौदातला तो दिमाखदार कोई कोण? आपल्या धरणांत जाळ्यात येणाऱ्या सायप्रिनसचाच रंगीत भाऊबंद. दुखणं आलं तर दोघांनाही.

आता कानात सांगते. विमानतळावर एवढा पहारा, आणि मागचं दार सताड उघडं! ‘काच साफ करतो’ म्हणून बोटभर सकर मासा आणायचा, तो हातभर झाला की ‘जा बाबा, सुखी राहा’ म्हणत नदीत सोडायचा. वर पुण्य मिळाल्याचा आनंद! दक्षिण अमेरिकेचा हा चिलखती पाहुणा आज उजनीत कोळ्यांची जाळी फाडतोय. त्याच्या अंगावरचे काटे जाळ्यात अडकतात, सोडवता सोडवता हात रक्तबंबाळ, आणि बाजारात त्याला कुत्रं विचारत नाही. आपल्या कुरवंड्याहून निघालेली इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते आणि भीमा जाते उजनीत. म्हणजे लोणावळ्यात सोडलेल्याला वाट मोकळीच.

‘पण आपला देशी मासा सोडला तर?’ असं कुणी विचारलंच, तर त्यांना आपल्या लोणावळ्यातल्या वळवणची गोष्ट सांगा. तिथल्या टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात वाढवलेले महसीर पूर्वी कावेरीत सोडले गेले. हेतू चांगलाच होता. पण कावेरीचा स्वतःचा पाठीला कुबड असलेला महसीर हटत गेला. २०१८ मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला, आणि अभ्यासक त्याचा ठपका आपल्या महसीरवरही ठेवतात. घ्या, लोणावळ्याची चिक्की सोडून काय पोचलं कर्नाटकात!

तेव्हा मंडळी, टाकीत न मावणारा मासा दुकानदाराला परत द्या, नाहीतर दुसऱ्या शौकिनाला द्या. वळवणला नको, पवनेत नको, आणि इंद्रायणीत तर मुळीच नको.