कारण सापडू नये म्हणून

गेम ऐन रंगात आलेला असताना पीसी गोठला, की सर्वप्रथम माऊस जोरजोरात हलवावा. चित्र जागचे हलत नसते, स्पीकरमधून आवाजाचा शेवटचा तुकडा टर्रर्र करत अडकलेला असतो, तरीही हलवावा. मग कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ही बटणे एकदा सभ्यपणे आणि एकदा मुठीने दाबावीत. नवशिके या वेळी एक चूक हमखास करतात, ती टाळावी. कॅप्स लॉक दाबून त्याचा दिवा लागतो-विझतो का, हे पाहू नये. दिवा दाद देत असेल तर बहुधा विंडोज जिवंत आहे आणि फक्त गेम गेला आहे. ढिम्म राहिला तर सगळे यंत्रच अडकले आहे. एका बटणात निम्मे निदान! पहिल्याच मिनिटाला इतके कळले तर पुढचे तीन आठवडे करायचे काय?

गेम नीट चालावा एवढीच ज्यांची अपेक्षा आहे, त्यांनी इथेच थांबावे. पुढचे मार्गदर्शन अशांसाठी आहे, ज्यांना दोष दुसऱ्या कुणाचा तरी निघायला हवा असतो आणि नीट शोधले तर तो आपल्याच एखाद्या खरेदीचा निघेल, अशी मनातून धास्ती असते. अशांची संख्या मोठी आहे, आणि त्यांच्याकडे आजवर कुणी लक्ष दिलेले नाही.

लक्षण सांगताना ‘हँग होतोय’ यापलीकडे एक शब्द बोलू नये. गेम बंद पडून डेस्कटॉप दिसणे, चित्र जागीच थिजणे, निळी स्क्रीन येणे आणि काही न सांगता-सवरता पीसी आपोआप रीस्टार्ट होणे, हे चार निरनिराळे आजार आहेत. पहिल्यात गेमच्या फायली किंवा मेमरी यांच्यावर संशय जातो, चौथ्यात वीजपुरवठ्यावर. म्हणूनच चौघांना एकाच नावाने हाक मारावी. किती वेळाने गोठतो, सुरुवातीच्या लोडिंगलाच की तासाभराने, याची नोंद तर अजिबात ठेवू नये. वहीत चार नोंदी झाल्या की त्यांत काहीतरी सुसूत्र दिसू लागते, आणि मग माणसाला विचार करावा लागतो.

एव्हाना आई दारात येऊन ‘तापला असेल रे तो, बंद कर जरा’ असे म्हणाली असेल. तिला समजावून सांगावे, की इंटेलचे अलीकडचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि रायझन ७००० मालिकेतले ९५ अंशांपर्यंत गेले, की आपला वेग आपणच कमी करतात, त्यामुळे उष्णतेने गेम आधी मंदावतो, लगेच कोसळत नाही. हे खरे आहे, त्यामुळे आई निरुत्तर होते. मात्र हे व्याख्यान चालू असताना कॅबिनेट टेबलाच्या खालच्या कप्प्यात, पाठ भिंतीला टेकवून, वर प्लास्टिकचे कव्हर अर्धवट सारून ठेवलेले आहे, याकडे तिचे लक्ष जाऊ देऊ नये. ग्राफिक्स कार्डाची मेमरी आणि मदरबोर्डचे वीज-नियामक भाग यांचे तापमान कुणी सहसा बघत नाही. ते दाखवणारी एचडब्ल्यूइन्फो नावाची चकटफू आज्ञावली मिळते; ती उतरवू नये.

यानंतर गेम पुसून पुन्हा उतरवावा. हल्लीचे मोठे गेम शंभर जीबीच्या पुढे जातात, त्यामुळे यात एक संध्याकाळ सुखाने जाते आणि घरात ‘काम चालू आहे’ असे वातावरण राहते. स्टीमवर फायली तपासून घेण्याची सोय आहे आणि ती काही मिनिटांत तेच काम करते, म्हणून ती कमी प्रतीची समजावी.

आता या शास्त्रातला मुख्य नियम. एका वेळी एकच बदल कधीही करू नये. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, विंडोजचे अपडेट, मदरबोर्डचा बायोस, गेममधली सेटिंग्ज आणि माऊसपॅड हे सारे एकाच शनिवारी बदलावे. गोठणे थांबले तर कशाने थांबले हे आयुष्यभर कळत नाही; थांबले नाही, किंवा नवेच काही सुरू झाले, तर ते कशाने हेही कळत नाही. दोन्हीकडून फायदा. जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू नावाच्या आज्ञावलीने मुळापासून काढण्याची पद्धत आहे, पण त्याने खरोखरच फरक पडू शकतो, तेव्हा जपून.

अनुभवी मंडळी या टप्प्यावर विंडोजची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, उघडतात. उघडायला हरकत नाही, फक्त लाल खुणेचा ‘कर्नेल-पॉवर ४१’ दिसला की तिथेच थांबावे. विंडोज त्याला ‘क्रिटिकल’ म्हणते आणि त्याचा मथितार्थ असा, की यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले. अडकले असेल, कोसळले असेल किंवा वीज गेली असेल. म्हणजे जे आपण डोळ्यांनी पाहिले, तेच विंडोजने कळवले. त्याच नोंदीच्या तपशिलात बगचेक कोडचा आकडा असतो. तो शून्य असेल तर निळी स्क्रीन येण्याइतकीही फुरसत यंत्राला मिळाली नाही, आणि वीज गेली किंवा सगळे जागीच जाम झाले, असा तर्क करता येतो. करू नये. ‘व्हिया-लॉगर’ नावाच्या नोंदी दिसल्या तर डोळे मिटावेत, कारण त्या हार्डवेअरकडे थेट बोट दाखवतात.

डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले, अशी नोंद सापडली तर मात्र करमणुकीला वाव आहे. व्हिस्टापासून विंडोजमध्ये एक पहारेकरी बसवलेला आहे. ग्राफिक्स कार्ड दोन सेकंद गप्प राहिले, की तो त्याला रीसेट करून पुन्हा उभे करतो, आणि ते जमले नाही तर निळी स्क्रीन येते. रजिस्ट्रीत जाऊन हे दोन सेकंद दहा करण्याचा उपाय फार लोकप्रिय आहे. अवजड कामात कार्ड खरेच दोन सेकंदांहून जास्त वेळ घेत असेल तर त्याचा उपयोगही होतो. एरवी कार्ड बंद पडायचे ते पडतेच, आपल्याला ते आठ सेकंद जास्त पाहता येते.

पडद्यावर येईल त्या संदेशावर विश्वास ठेवावा, हे सूत्र मी सर्वांत वर लिहायला हवे होते. याचा आदर्श २०२३-२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरवाल्यांनी घालून दिला. अनरियल इंजिनवर बनलेले गेम सुरू होतानाच कोसळत आणि संदेश येई, की व्हिडिओ मेमरी संपली. काही जणांच्या यंत्रात २४ जीबी मेमरीचे आरटीएक्स ४०९० होते! इतक्या मेमरीत गेम सहकुटुंब राहू शकतो. तरी संदेशात व्हिडिओ म्हटले आहे म्हटल्यावर बोट ग्राफिक्स कार्डाकडेच गेले. प्रेत पहिल्यांदा ज्याला दिसले, त्यालाच पोलिसांनी आत टाकावे तसा हा प्रकार.

खरी गडबड प्रोसेसरमध्ये होती. गेमची माहिती दाबून लहान केलेली असते. ती पुन्हा फुलवताना एकही बिट चुकून चालत नाही, आणि शेडर तयार करताना प्रोसेसरचे सगळे गाभे एकदम जुंपले जातात. ऊडल ही माहिती फुलवणारी प्रणाली बनवणाऱ्या रॅड गेम टूल्सने जाहीर सांगितले, की दोष आमच्या सॉफ्टवेअरचा नसून हार्डवेअरचा दिसतो. प्रोसेसरचा वेग किंचित उतरवला की कोसळणे थांबत असे. २०२४च्या जुलैत इंटेलने मान्य केले, की मायक्रोकोडमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड आला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. ज्यांचे प्रोसेसर आधीच झिजले होते, ते मात्र या दुरुस्तीने बरे होणार नव्हते.

यातले मला सर्वांत आवडलेले हे, की त्याच यंत्रावर ब्राउझर चालत होता, चित्रपट चालत होते, हिशेबाच्या फायली उघडत होत्या. चित्रपटातला एक ठिपका चुकला तर कोण तक्रार करतो? गेमला चूक खपली नाही, म्हणून तोच बदनाम झाला. ‘बाकी सगळे चालते, गेमच गोठतो, म्हणजे गेमच भिकार’ हा युक्तिवाद इतका सोयीचा आहे, की कुठल्याही पुराव्याने तो सोडू नये.

मेमरीबाबतही हाच बाणा ठेवावा. रॅमच्या खोक्यावर ३६०० छापलेले असते. घरी आणून बसवली, की डीडीआर४ची ती पट्टी बहुतेकदा २१३३ किंवा त्याच्या आसपास चालू होते, आणि बायोसमध्ये एक्सएमपी नावाची सेटिंग चालू केल्यावर छापील वेग मिळतो. हे एक्सएमपी म्हणजे रीतसर ओव्हरक्लॉकच. खोक्यावर छापले असले, तरी आपला प्रोसेसर आणि आपला मदरबोर्ड यांना ते झेपेलच, असे नाही. एक्सएमपी एक दिवस बंद करून बघणे हा फुकटातला सर्वांत उत्तम प्रयोग आहे, आणि म्हणूनच तो कुणी करत नाही. मोजलेल्या पैशांचा वेग एक दिवस सोडायचा म्हणजे काय! रॅम तपासणारी मेमटेस्ट८६ ही आज्ञावली रात्रभर लावून ठेवू नये. सकाळी लाल ओळी दिसल्या, तर ‘ही रॅम सुचवली कुणी’ असा प्रश्न घरात निघतो.

नातेवाईकांचा सल्ला अवश्य घ्यावा. हिंजवडीत नोकरीला असलेला मावसभाऊ गणपतीला आला, की आरती आणि जेवण यांच्या मधल्या वेळात त्याला पीसीसमोर बसवावे. तो दिवसभर जावा लिहितो, ग्राफिक्स कार्ड त्याने कधी हातात धरलेले नसते, पण ‘काय रे, एवढा आयटीत आहेस ना?’ असे मावशीने विचारल्यावर त्याला टास्क मॅनेजर उघडावाच लागतो. तो ‘काहीतरी बॅकग्राउंडला चालतंय’ असे म्हणेल. म्हणू द्यावे.

मग यंत्र दुकानात न्यावे. दुकानात ते गोठत नाही. दुकानदार अर्धा तास बेंचमार्क चालवतो आणि विचारतो, “दादा, काय होत होतं म्हणालात? इथं तर मस्त पळतंय. फॉरमॅट मारून देऊ का?” फॉरमॅट मारून घ्यावा, घरी आणावे, आणि पुन्हा गोठले की दुकानदाराला नावे ठेवावीत. दुकानात त्याने वायर थेट भिंतीवरच्या बोर्डात लावली होती, एवढे एक आठवू नये.

घरी मध्ये यूपीएस असतो. त्यावर ६०० व्हीए लिहिलेले असते आणि ते आपण ६०० वॉट असे वाचतो. अशा बऱ्याच घरगुती यूपीएसची खरी क्षमता ३६० वॉट असते. जुना ऑफिसचा पीसी त्यावर आनंदाने चालला. आता ग्राफिक्स कार्ड रंगात आले, की पीसी एकटाच ४०० वॉटच्या पुढे जातो, आणि क्षणभराचे झटके त्याहून मोठे असतात. भिंतीतून वीज नीट येते आहे तोवर हे निभावते. संध्याकाळी खाली सोसायटीचा पंप सुरू होतो, व्होल्टेज जरा खाली येते, यूपीएस बॅटरीवर उडी मारतो, भार पाहून हात टेकतो, आणि पीसी काळा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१, बगचेक शून्य. आपण गेमच्या कंपनीला एक तारा देतो. रोज पंपाच्याच वेळेला गेम कसा काय बिघडतो, असे घरात कुणी विचारले तर त्या वेळी सर्व्हरवर गर्दी असते, असे सांगावे. गेम एकट्याने खेळायचा असला तरीही.

प्रामाणिकपणे सांगायचे, तर कधीकधी चूक खरेच दुसऱ्याची असते, आणि या मार्गदर्शनासाठी ती मोठीच अडचण आहे. २०१० मध्ये स्टारक्राफ्ट २ च्या मेन्यूच्या पडद्यांवर फ्रेमच्या वेगाला मर्यादा नव्हती, तेव्हा काहीही घडत नसताना कार्डे जिवाच्या आकांताने राबून तापली. गेम बनवणाऱ्या ब्लिझार्डने एका फाइलीत दोन ओळी घालायला सांगून ती मर्यादा आणली. २०२१ मध्ये न्यू वर्ल्ड या गेमच्या चाचणीत ईव्हीजीए कंपनीची काही आरटीएक्स ३०९० कार्डे मेली, आणि कंपनीने तपासून आपल्याच सोल्डरिंगमधला दोष कबूल केला. २०२४च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने असॅसिन्स क्रीड मालिकेतले काही गेम असलेल्या यंत्रांना विंडोज ११ चे २४एच२ अपडेट देणेच थांबवले, कारण त्या जोडीने गेम थिजत होते. ही उदाहरणे तोंडपाठ ठेवावीत. आपल्या बाबतीत लागू आहेत की नाहीत, हे पाहण्याची गरज नाही.

इतके सगळे पाळूनही एखाद्याला कारण सापडते. रॅमची पट्टी काढून पुन्हा बसवताना स्लॉटमधली धूळ उडते, किंवा घरातले कुणीतरी इस्त्रीसाठी जागा हवी म्हणून पीसीची वायर यूपीएसमधून काढून भिंतीत लावते, आणि आठवडाभर गेम एकदाही गोठत नाही. घाबरून जाऊ नये. बायोसमध्ये जाऊन रॅमचा वेग एक पायरी आणखी चढवावा, ग्राफिक्स कार्डाच्या आज्ञावलीत वेग वाढवायला उजवीकडे सरकवायची जी पट्टी असते ती शेवटपर्यंत सरकवावी. तेवढ्यानेही काही बिघडले नाही, तर अर्ली ॲक्सेसमधला एखादा गेम विकत घ्यावा.